सरकारी व्हिडिओ लॉटरी मशीन : इतिहास, यंत्रणा आणि हिशेब (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आपल्याकडे "व्हिडिओ गेम पार्लरवर छापा, इतकी मशीन जप्त" ही बातमी पेपरात नेहमीची. कॅनडातल्या किंवा अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या गावात नोकरीसाठी गेलेला मराठी माणूस बारमध्ये शिरतो, तेव्हा तसंच मशीन त्याला कोपऱ्यात उघड चालू दिसतं आणि त्यावर सरकारी लॉटरीचा शिक्का असतो. हे कसं झालं, आत काय चालतं आणि पैसा कुठे जातो, याबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

व्हिडिओ लॉटरी मशीन आणि कॅसिनोतलं स्लॉट मशीन यांत फरक काय?

खेळणाऱ्याला जवळजवळ काहीच फरक दिसत नाही. तोच पडदा, तीच फिरणारी चित्रं किंवा पोकरचे पत्ते, तेच बटण. फरक आहे तो कायद्यात आणि जोडणीत. व्हिडिओ लॉटरी मशीन, ज्याला सगळे "व्हीएलटी" म्हणतात, एका मध्यवर्ती संगणकाला जोडलेलं असतं आणि तो संगणक राज्याच्या लॉटरी खात्याच्या ताब्यात असतो. कुठल्या बारमधल्या कुठल्या मशीनमध्ये आज किती पैसे गेले, किती परत आले, दार कधी उघडलं, हे सगळं तिथे कळतं. मशीन दुरून बंदही करता येतं. दुसरा फरक ठिकाणाचा. कॅसिनोला माणूस ठरवून जातो. व्हीएलटी मात्र तो रोज जिथे जातो त्या बारमध्ये, क्लबात, महामार्गावरच्या खाणावळीत ठेवलेलं असतं. इतिहासातले बहुतेक वाद या दुसऱ्या फरकातून निघाले आहेत.

"सरकारी" म्हणजे मशीनचा मालक सरकार असतो का?

सगळीकडे नाही. ओरेगनमध्ये मशीन राज्य लॉटरीच्या मालकीची असतात आणि बारमालकाला कमिशन मिळतं. साउथ डकोटामध्ये मशीन खासगी ऑपरेटरची असतात. खेळ, जोडणी आणि हिशेब राज्याच्या हातात असतो आणि निव्वळ कमाईतला निम्मा वाटा राज्य घेतं. मोंटानामध्ये १९८५ पासून बारमधली व्हिडिओ पोकर मशीन कायदेशीर आहेत, पण तिथे राज्य परवाना देतं आणि कर घेतं, धंदा चालवत नाही. म्हणून मोंटाना "पहिलं राज्य" होतं असं कुठे वाचलंत तर तेवढी दुरुस्ती मनात करून घ्या.

कॅनडात प्रश्नच नाही. तिथल्या फौजदारी संहितेच्या कलम २०७ नुसार संगणकावर, व्हिडिओ उपकरणावर किंवा स्लॉट मशीनवर चालणारा जुगार फक्त प्रांत सरकारच चालवू शकतं; इतर कोणाला त्याचा परवाना देता येत नाही.

हे यंत्र मुळात आलं कुठून?

नेव्हाडातून. १९७६ मध्ये फॉर्च्यून कॉइन या कंपनीने १९ इंची सोनी टीव्हीचा पडदा लावून व्हिडिओ स्लॉट मशीन बनवलं आणि ते लास व्हेगासच्या हिल्टनमध्ये ठेवलं. पडद्यावरच्या चाकांवर लोकांचा विश्वास बसेना. समोर लोखंडी चाक फिरत नाही, मग फसवत नाहीत कशावरून? ही शंका मोडली व्हिडिओ पोकरने. साय रेड यांच्या कंपनीने, म्हणजे पुढे आयजीटी नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने, १९७९ च्या सुमारास "ड्रॉ पोकर" बाजारात आणलं. त्यात पत्ते दिसतात, कोणते ठेवायचे हे खेळणारा ठरवतो, त्यामुळे आपलं डोकं चालतं असं त्याला वाटतं.

मायक्रोप्रोसेसर स्वस्त झाल्यावर हीच मशीन गावोगावच्या बारमध्ये पसरली. पडद्यावर "फक्त करमणुकीसाठी" लिहिलेलं असायचं आणि जिंकलेल्याला बारमालक गल्ल्यातून गुपचूप पैसे द्यायचा. कायदेशीर आणि बेकायदेशीर यांच्या मधल्या या मशीनना तिकडे "ग्रे मशीन" म्हणतात. पुढे जवळपास प्रत्येक राज्य सरकारने एकच युक्तिवाद केला: ही मशीन आहेतच, मग पैसा चोरट्यांकडे जाण्यापेक्षा तिजोरीत येऊ दे.

पहिलं राज्य कोणतं?

नेब्रास्कामध्ये १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात छोटा प्रयोग झाला, पण तो तिथल्या विधिमंडळाने लवकरच गुंडाळला. राज्यभर जाळं उभारणारं पहिलं राज्य साउथ डकोटा. तिथल्या मतदारांनी १९८६ मध्ये राज्य लॉटरीला मंजुरी दिली, १९८७ मध्ये खरवडायची तिकिटं आली आणि १६ ऑक्टोबर १९८९ रोजी व्हिडिओ लॉटरी सुरू झाली.

तिथले नियम पुढे अनेक राज्यांना नमुना ठरले. दारू बसून पिण्याचा परवाना असलेल्याच जागी मशीन. एका जागी जास्तीत जास्त १०. एका डावाला कमाल २ डॉलर. एका डावात कमाल बक्षीस १,००० डॉलर. आणि कायद्यानुसार परतावा, म्हणजे लावलेल्या पैशातला खेळणाऱ्यांकडे परत जाणारा भाग, ८० टक्क्यांपेक्षा कमी नाही, ९५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. राज्याचा वाटा सुरुवातीला आजच्या निम्म्याहूनही कमी होता. अंदाजपत्रकात तूट आली की तो वाढवला गेला आणि शेवटी ५० टक्क्यांवर पोचला. एकदा हा पैसा नेहमीच्या खर्चात मिसळला की मशीन काढणं म्हणजे दुसरा कर लावणं, आणि ते धाडस फार कमी आमदार करतात.

१९९४ मध्ये साउथ डकोटात मशीन बंद पडली होती ती का?

या सगळ्या इतिहासातला आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जून १९९४ मध्ये निकाल दिला की मतदारांनी मंजूर केली ती "लॉटरी", म्हणजे तिकीट घेऊन सोडतीची वाट पाहण्याचा प्रकार. बटण दाबताच निकाल देणारं यंत्र हा वेगळा नशिबाचा खेळ आहे आणि राज्यघटनेत त्याला परवानगी नाही. ऑगस्टमध्ये सगळी मशीन बंद झाली. नोव्हेंबरमध्ये घटनादुरुस्तीवर मतदान झालं, ती मंजूर झाली आणि त्याच महिन्यात मशीन पुन्हा सुरू झाली.

त्या तीनेक महिन्यांत जे दिसलं ते कुठल्याही प्रयोगशाळेत मुद्दाम घडवता आलं नसतं. राज्य तेच, माणसं तीच, डेडवुड गावातले कॅसिनो चालूच, तिकिटांची लॉटरी चालूच. फक्त बारमधली मशीन गेली. जुगाराच्या व्यसनावर उपचार करणाऱ्या केंद्रांकडे मदत मागणाऱ्यांची संख्या एकदम कोसळली आणि मशीन परत सुरू झाल्यावर पुन्हा वाढली. डॉक्टरांनी ही आकडेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. "मशीन नसतं तर ते लोक दुसरीकडे हरले असते" असं म्हणणाऱ्याने आधी हे तीन महिने पाहावेत.

तरीही मशीन टिकली. १९९२, २०००, २००६ असं तीनदा ती काढून टाकण्याच्या प्रस्तावांवर मतदान झालं आणि तिन्ही वेळा प्रस्ताव पडला.

यंत्राला "लॉटरी" म्हणण्याचा एवढा हट्ट कशासाठी?

कारण बहुतेक अमेरिकी राज्यांच्या घटनेत जुगाराला बंदी आणि लॉटरीला अपवाद अशी रचना आहे. अपवादातून आत यायचं तर नाव लॉटरीच हवं. वेस्ट व्हर्जिनियाने १९९० मध्ये माउंटेनियर पार्क या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर मशीन लावली. १९९३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विधिमंडळाच्या कायद्याशिवाय हे चालणार नाही, म्हणून १९९४ मध्ये कायदा झाला. २००१ मध्ये दुसऱ्या कायद्याने बार आणि क्लबांसाठी ९,००० मशीनची मर्यादा ठरवून दार उघडलं आणि ग्रे मशीन बेकायदा ठरवली.

न्यूयॉर्कने सर्वांत टोकाचा तांत्रिक उपाय केला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तिजोरीला ओहोटी लागली म्हणून ऑक्टोबर २००१ मध्ये शर्यतीच्या मैदानांवर मशीनना परवानगी दिली गेली. पहिली मशीन जानेवारी २००४ मध्ये साराटोगाला सुरू झाली. तिथे निकाल मशीन ठरवत नाही. मध्यवर्ती संगणकात ठरावीक संख्येच्या इलेक्ट्रॉनिक तिकिटांचा गठ्ठा असतो, त्यात किती तिकिटं जिंकणारी हे आधीच ठरलेलं असतं. बटण दाबलं की तुम्हाला पुढचं तिकीट मिळतं आणि पडद्यावरची चाकं तो निकाल नाटकासारखा दाखवतात. हे तिकीटच आहे, म्हणून ही लॉटरीच, हा युक्तिवाद राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २००५ मध्ये मान्य केला.

मग प्रत्येक व्हीएलटीत निकाल मध्यवर्ती संगणकच ठरवतो का?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. साउथ डकोटा, ओरेगन, कॅनडातले प्रांत इथल्या नेहमीच्या रचनेत निकाल मशीनमध्येच ठरतो. केंद्र फक्त हिशेब आणि नियंत्रण पाहतं.

बटण दाबल्यावर आत नेमकं काय होतं?

आत यादृच्छिक संख्या तयार करणारा प्रोग्रॅम अखंड चालू असतो, समोर कोणी नसतानाही. तुम्ही बटण दाबता त्या क्षणाची संख्या उचलली जाते, तिच्यावरून चिन्हांची जागा किंवा पत्त्यांचा क्रम ठरतो, बक्षीस मोजलं जातं, मीटर बदलतो. एवढं सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत उरकतं. त्यानंतर पडद्यावर चाकं फिरतात, म्हणजे झालेला निकाल रंगवून सांगितला जातो.

चाकांच्या मशीनमध्ये आणखी एक खुबी आहे. इंगे टेल्नेस यांना १९८४ मध्ये मिळालेल्या अमेरिकी पेटंटने चाकावर दिसणाऱ्या जागा आणि प्रत्यक्ष शक्यता यांची फारकत केली. चाकावर दिसायला २२ जागा, पण संगणकातल्या यादीत ६४. त्यातली एकच जागा मोठ्या बक्षिसाच्या चिन्हाला दिली, तर तीन चाकांवर ते एकत्र येण्याची शक्यता ६४ × ६४ × ६४, म्हणजे २,६२,१४४ मध्ये एक. दिसतं मात्र २२ × २२ × २२, म्हणजे १०,६४८ मध्ये एक असल्यासारखं. शिवाय बक्षिसाच्या चिन्हाच्या लगतच्या रिकाम्या जागांना यादीत जास्त घरं दिली, की चिन्ह सारखं "थोडक्यात हुकल्यासारखं" दिसतं.

"हे मशीन बराच वेळ दिलं नाही, आता देणारच" यात तथ्य आहे का?

नाही. प्रत्येक डाव आधीच्या डावापासून सुटा असतो. कालची रिकामी रात्र मशीनला आठवत नाही. न्यूयॉर्कच्या गठ्ठ्याच्या पद्धतीतही तुमच्या मशीनने बराच वेळ काही दिलं नाही यावरून पुढचं तिकीट सांगता येत नाही, कारण अनेक मशीन एकाच गठ्ठ्यातून घेत असतात.

परतावा ९२ टक्के असेल तर १०० डॉलरचे ९२ परत मिळायला हवेत. खिसा रिकामा का होतो?

कारण ९२ टक्के हा आकडा खिशातून घातलेल्या पैशाचा नाही, लावलेल्या प्रत्येक डावाचा आहे, आणि जिंकलेली रक्कम माणूस परत लावतो. १०० डॉलर एकदा फिरवले की सरासरी ९२ उरतात. ते पुन्हा फिरवले की ८४.६४. पाच फेऱ्यांनंतर सुमारे ६६. आठ फेऱ्यांनंतर सुमारे ५१. मशीनने कुठेही खोटं सांगितलेलं नसतं, तरी निम्मा पैसा गेलेला असतो.

वेळाने मोजलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. मिनिटाला १० डाव, डावाला १ डॉलर, म्हणजे तासाला ६०० डॉलर फिरले. त्यावर ८ टक्के, म्हणजे तासाला सरासरी ४८ डॉलरचा तोटा. ५० डॉलर घेऊन बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोरून ६०० डॉलर जातात, मध्ये कितीतरी वेळा जिंकल्याची धून वाजते, आणि उठताना "आत्ता तर जिंकत होतो" असंच वाटत असतं.

व्हिडिओ पोकरमध्ये परतावा बक्षिसांच्या तक्त्यावरून ओळखता येतो. "जॅक्स ऑर बेटर" प्रकारात फुल हाउस आणि फ्लश या पत्त्यांच्या जुळण्यांना अनुक्रमे ९ पट आणि ६ पट मिळत असतील, तर अचूक खेळणाऱ्याला सुमारे ९९.५ टक्के परतावा बसतो. तेच आकडे ८ आणि ५ केले की तो सुमारे ९७.३ वर येतो. फक्त दोन आकडे, ओळीच्या मध्ये, एकेकाने कमी. बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. आणि अचूक खेळणं म्हणजे काय ते तक्ता पाठ केल्याशिवाय जमत नाही.

"जिंकल्यासारखा तोटा" म्हणजे काय?

अनेक ओळींच्या खेळात २० ओळींवर प्रत्येकी ५ सेंट लावले की डाव १ डॉलरचा होतो. एका ओळीवर २५ सेंट मिळाले. गेले ७५ सेंट, पण मशीन दिवे उजळतं, धून वाजवतं, आकडा मोजत वर चढवतं. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा डावांत खेळणाऱ्याच्या त्वचेची विद्युत प्रतिक्रिया मोजली. ती खऱ्या जिंकण्याच्या जवळ जाणारी निघाली. शरीर तोट्याला विजय समजतं. त्याच गटाने माहिती अधिकाराच्या तिथल्या कायद्याने मशीनचे गणिती तपशील, ज्यांना उत्पादक "पार शीट" म्हणतात, मिळवले आणि त्यामुळे वरच्या कित्येक गोष्टी अंदाजाऐवजी आकड्यांत सांगता येऊ लागल्या.

कॅनडात ही मशीन कशी आली?

फौजदारी संहितेच्या १९८५ च्या दुरुस्तीने. केंद्र सरकारने लॉटरीतून अंग काढून घेतलं, त्या बदल्यात प्रांतांनी १९८८ च्या कॅल्गरी हिवाळी ऑलिंपिकसाठी १० कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं, आणि संहितेत संगणकी जुगाराचा मक्ता प्रांतांना मिळाला. १९९० मध्ये न्यू ब्रन्सविकने अटलांटिक लॉटरी कॉर्पोरेशन या सरकारी लॉटरी कंपनीमार्फत सुरुवात केली, १९९१ मध्ये नोव्हा स्कोशिया आणि शेजारचे प्रांत आले, त्याच वर्षी मॅनिटोबाने ग्रामीण भागात मशीन लावली, मग अल्बर्टा, सस्कॅचेवान आणि १९९४ मध्ये क्विबेक. ऑन्टारिओ आणि ब्रिटिश कोलंबियाने बारमध्ये मशीन येऊ दिली नाहीत, म्हणून टोरंटो-व्हँकूवरच्या मराठी मंडळींना ती दिसत नाहीत आणि हॅलिफॅक्स-विनिपेगच्या मंडळींना दिसतात.

नोव्हा स्कोशियाने सुरुवातीला ती कोपऱ्यावरच्या किराणा दुकानांतही ठेवली होती. दूध आणायला आलेली मुलं मशीनशेजारून जायची. १९९३ मध्ये ती दुकानांतून काढली आणि फक्त वयाची अट असलेल्या जागी ठेवली.

"स्टॉप बटण" काय होतं आणि ते का काढलं?

फिरती चाकं आपल्या हाताने थांबवण्याचं बटण. निकाल आधीच ठरलेला असल्यामुळे त्याचा उपयोग शून्य. पण क्विबेकच्या लावाल विद्यापीठात केलेल्या अभ्यासात बहुतेक खेळणाऱ्यांना वाटत होतं की योग्य क्षणी थांबवलं तर निकाल बदलतो, आणि ते बटण असलं की लोक जास्त डाव खेळत. दुहेरी नुकसान: हातात काहीतरी आहे असा भ्रम, आणि डाव लवकर संपल्यामुळे तासाला जास्त डाव. नोव्हा स्कोशियाने २००५ मध्ये ते बंद केलं, खेळाचा वेग ३० टक्क्यांनी कमी केला, मध्यरात्रीनंतर मशीन बंद ठेवायला सुरुवात केली आणि प्रांतातली सुमारे १,००० मशीन कमी करायचं ठरवलं.

खेळाडू कार्डाने फायदा होतो का?

खेळाडू कार्ड म्हणजे खेळणाऱ्याच्या नावाचं, मशीनमध्ये घालून खेळायचं कार्ड. ते सक्तीचं आणि खर्चाची मर्यादाही सक्तीची असेल तर होतो. दोन उदाहरणं शेजारी ठेवा.

नोव्हा स्कोशियाने "माय-प्ले" कार्ड आणलं आणि २०१२ मध्ये ते सक्तीचं केलं. पण मर्यादा ठेवायची की नाही, हे खेळणाऱ्याच्या मर्जीवर होतं. फार थोड्यांनी ती ठेवली. २०१४ मध्ये योजना गुंडाळली.

नॉर्वेने उलट केलं. तिथे स्लॉट मशीन खासगी ऑपरेटरची असत आणि कमाईतला वाटा रेड क्रॉससारख्या संस्थांना जाई. दुकानं, स्टेशनं, सगळीकडे मशीन. २००३ मध्ये संसदेने मक्ता नोर्श्क टिपिंग या सरकारी कंपनीला द्यायचं ठरवलं, पण मशीनवाले न्यायालयात गेले. दरम्यान १ जुलै २००६ पासून मशीनमध्ये नोटा घालायला बंदी आली. मार्च २००७ मध्ये एफ्टा (युरोपीय मुक्त व्यापार संघटना) न्यायालयाने आणि जूनमध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारची बाजू मान्य केली, आणि १ जुलै २००७ रोजी सगळी मशीन गेली. जवळपास दीड वर्ष देशात एकही मशीन नव्हतं. मग "मल्टिक्स" हे सरकारी मशीन आलं: रोख पैसे नाहीत, फक्त नावाचं कार्ड, सुरुवातीची मर्यादा दिवसाला ४०० क्रोनर आणि महिन्याला २,२०० क्रोनर, सर्वांना सक्तीची, सलग तासभर खेळलं की दहा मिनिटांची विश्रांती. मर्यादा संपली की देशातल्या कुठल्याही मल्टिक्सवर कार्ड चालत नाही. दुसऱ्या बारमध्ये जाऊन उपयोग नाही, आणि कार्डाची खरी ताकद याच एका गोष्टीत आहे.

नोटा बंद केल्याचाही तिथे लगेच परिणाम दिसला होता. नाणी संपली की माणसाला उठून सुटे आणावे लागतात. तेवढ्या चालण्यात काहीजण घरी जातात.

मशीनमध्ये कोणी फेरफार करू शकतं का?

बाहेरच्या माणसाने करणं अवघड. आतल्याने केल्याची उदाहरणं आहेत. १९८९ मध्ये नेव्हाडात एका खासगी कंपनीच्या व्हिडिओ पोकर मशीनमध्ये मोठं बक्षीस पडूच नये असा प्रोग्रॅम सापडला. १९९५ मध्ये तिथल्या नियामक मंडळाचाच तंत्रज्ञ पकडला गेला. त्याने केनो या आकडे ओळखण्याच्या खेळाच्या यंत्रातल्या यादृच्छिक संख्यांचा अंदाज बांधणारा प्रोग्रॅम लिहिला होता.

यातून आजची तपासणी घडली. प्रोग्रॅम आधी स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासला जातो. मंजूर प्रतीची डिजिटल सही नोंदवली जाते. पूर्वी निरीक्षक प्रत्यक्ष मशीनमधली प्रोग्रॅम साठवलेली ईप्रॉम चिप काढून तिची सही जुळवायचे आणि चिपवर फाटल्याशिवाय निघणार नाही अशी चिकटपट्टी लावायचे. आता केंद्राकडून जोडणीवरूनच सही विचारली जाते. मुख्य बोर्ड वेगळ्या कुलपाच्या पेटीत असतो आणि त्याची किल्ली बारमालकाकडे नसते. मीटर दोन प्रकारचे: स्मृतीतला आणि आकडे फिरणारा यांत्रिक. दोन्ही जुळले नाहीत तर चौकशी. स्मृती पुसायची वेळ आली तर आधी सगळे मीटर लिहून घ्यावे लागतात, नाहीतर आदल्या दिवसाचा हिशेब कायमचा अडकतो.

रोजच्या वापरात काय बिघडतं?

बहुतेक वेळा प्रिंटर आणि नोटा घेणारा भाग. जिंकलेली रक्कम मशीन नाण्यांत देत नाही, तिकीट छापतं. ते काउंटरवर दिलं की क्रमांक केंद्राकडे पडताळून पैसे मिळतात. कागद संपला किंवा अडकला की मशीन स्वतःला कुलूप लावतं. तिकीट उष्णतेने छापणाऱ्या कागदाचं असतं, गाडीच्या काचेखाली ठेवलं तर काळं पडतं आणि खिशात घासलं तर पुसट होतं. त्यावर मुदत असते, ती पाहा. ओली किंवा दुमडलेली नोट आत अर्धवट गेली तर ओढू नका. मशीनचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्या, कारण नोंदींत ती घटना सापडते. पडद्यावर बक्षीस दिसलं पण "बिघाड" असा संदेश आला, तर बहुतेक ठिकाणी तो डाव रद्द धरला जातो. हा नियम मशीनच्या दर्शनी भागावर लिहिलेला असतो.

बारमालकाची अडचण वेगळी. राज्याचा वाटा ठरलेल्या दिवशी त्याच्या बँक खात्यातून आपोआप वळता होतो. खात्यात पैसे नसतील तर केंद्र त्याची सगळी मशीन बंद करतं.

लॉटरी खात्याचे जुने अहवाल वाचताना कशाची गल्लत होते?

तीन आकड्यांची. "आत गेलेली रोकड" म्हणजे नोटांतून घातलेले पैसे. "लावलेली एकूण रक्कम" म्हणजे सगळ्या डावांची बेरीज, जी रोकडीच्या कितीतरी पट असते. "निव्वळ कमाई" म्हणजे आत गेलेली रोकड वजा तिकिटांवर दिलेले पैसे. खेळणाऱ्यांनी खरोखर गमावलेली रक्कम तीच. एका वर्षाची लावलेली रक्कम आणि दुसऱ्या वर्षाची निव्वळ कमाई शेजारी ठेवून "धंदा कोसळला" असं लिहिलेलं आम्ही पुष्कळदा वाचलं आहे. परताव्याच्या टक्केवारीतही तीच चूक होते: लावलेल्या रकमेवर ९२ टक्के देणारं मशीन आत गेलेल्या रोकडीवर मोजलं तर ६५-७० टक्केच परत देताना दिसतं.

कोणी ही मशीन कायमची काढली का?

लुइझियानात १९९६ मध्ये परगणानिहाय मतदान झालं. ६४ पैकी ३३ परगण्यांनी नको म्हटलं आणि १९९९ मध्ये तिथली मशीन बंद झाली. साउथ कॅरोलिनाची मशीन सरकारी नव्हती, पण धडा मोठा आहे. १९८६ मध्ये कायद्यातले फक्त दोन शब्द वगळले गेले आणि त्या फटीतून खासगी व्हिडिओ पोकर राज्यभर पसरलं. ३०,००० हून जास्त मशीन झाली. १ जुलै २००० रोजी सगळी बंद केली.

इटली उलट्या दिशेने गेला. ६ एप्रिल २००९ च्या आब्रुत्सोतल्या भूकंपानंतर तीनच आठवड्यांत निघालेल्या वटहुकमाने पुनर्वसनाचा पैसा उभा करण्यासाठी व्हीएलटीला दार उघडलं. प्रत्येक मशीनच्या हक्कासाठी १५,००० युरो आगाऊ घेतले. आधीच्या बारमधल्या मशीनवर डाव १ युरोचा होता, नव्यावर १० युरोपर्यंत.

खेळणाऱ्यांनी सरकारवर खटला भरला होता ना?

न्यूफाउंडलंडमध्ये, २०१२ साली, अटलांटिक लॉटरी कॉर्पोरेशनविरुद्ध. बॅबस्टॉक खटला म्हणून तो ओळखला जातो. म्हणणं असं की मशीन मुळातच फसवं आहे, रस्त्यावर तीन पत्ते फिरवून "राणी कुठे?" विचारणाऱ्याच्या खेळासारखं, ज्याला संहितेत बंदी आहे. खालच्या न्यायालयांनी सामूहिक दावा चालू दिला. २४ जुलै २०२० रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. खेळणाऱ्याचं वैयक्तिक नुकसान न मागता केवळ "कमावलेला नफा परत करा" असा स्वतंत्र दावा कायद्यात नाही, यावर सर्व न्यायाधीशांचं एकमत होतं. कराराच्या मुद्द्यावर ५ विरुद्ध ४. मशीनच्या रचनेवर साक्षीपुरावे झालेच नाहीत.

महाराष्ट्रात किंवा गोव्यात अशी सरकारी मशीन का नाहीत?

महाराष्ट्रात राज्य लॉटरी १९६९ पासून आहे आणि जुगाराला १८८७ च्या कायद्याने बंदी आहे. १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही, २०२३ मध्ये तो रद्द झाला. गोव्यात १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरच्या खेळांना वाट मिळाली, पण मशीन खासगी. सरकार शुल्क आणि कर घेतं.

राज्य लॉटरीच्या नावाखाली व्हीएलटी आणायची वाट केंद्राच्या १९९८ च्या लॉटरी कायद्याने बंद केली आहे. त्यात एक अंकी लॉटरीला मनाई आहे. २०१० च्या नियमांत "ऑनलाइन लॉटरी" आहे, म्हणजे टर्मिनलवर तिकीट निघतं आणि आकडा लगेच मध्यवर्ती सर्व्हरवर नोंदला जातो. जोडणीपुरतं पाहिलं तर व्हीएलटीचं भावंडच. पण त्याच नियमांत एका राज्याच्या सगळ्या योजना मिळून दिवसाला २४ हून जास्त सोडती नकोत असं आहे. चार सेकंदांना एक डाव या वेगाने व्हीएलटीवर २४ डाव ९६ सेकंदांत होतात.

परदेशातल्या बारमधलं मशीन सरकारी आहे की ग्रे, हे कसं ओळखायचं?

दर्शनी भागावर लॉटरी खात्याचा नोंदणी शिक्का आणि मशीनचा क्रमांक असतो. पडद्यावर किंवा शेजारी व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा नंबर असतो. जिंकल्यावर क्रमांकाचं तिकीट निघतं. तिकिटाऐवजी बारमालक गल्ल्यातून पैसे काढून देत असेल, किंवा पडद्यावर "करमणुकीसाठी" लिहिलं असेल, तर ते मशीन केंद्राला जोडलेलं नाही आणि त्याचा परतावा कोणीही तपासलेला नाही. कॅनडा, अमेरिकेत व्हिसावर असाल तर एवढं जरूर लक्षात ठेवा: ग्रे मशीनवर छापा पडला की त्या वेळी तिथे बसलेल्यांची नावंही लिहून घेतली जाऊ शकतात.